अर्धीच विकली जाणारी मोटार : दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकी आलिशान गाड्या

१ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनात ड्यूसेनबर्ग कंपनीने आपलं ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आणलं. किंमत ८,५०० डॉलर. त्या काळात फोर्डची साधी गाडी ५०० डॉलरच्या आसपास मिळत होती, म्हणजे एका ड्यूसेनबर्गच्या पैशांत सोळा-सतरा फोर्ड आल्या असत्या. आणि एवढे पैसे मोजूनही गिऱ्हाइकाला दरवाजे मिळत नव्हते. छत नाही, सीट नाहीत, खिडक्यांच्या काचा नाहीत. मिळायचा तो लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, ब्रेक आणि पुढचा रेडिएटर, बॉनेट, मडगार्ड. उरलेली गाडी कुणाकडून, कशी आणि किती पैशांत बांधून घ्यायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आपल्याकडे ट्रकमालक अजूनही बऱ्याचदा कंपनीकडून नुसती चासी घेतात आणि बॉडी बाहेर बांधून घेतात. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या अमेरिकेत देशातल्या सर्वांत महागड्या मोटारी याच रीतीने विकल्या जात. स्वस्त गाडी अख्खी मिळायची, महाग गाडी अर्धी मिळायची. पॅकार्ड, पिअर्स-ॲरो, लिंकन, कॅडिलॅक, ड्यूसेनबर्ग ही नावं आज लिलावांच्या बातम्यांत दिसतात. त्या गाड्या इतक्या देखण्या का झाल्या आणि दहा-बारा वर्षांत सगळ्या नाहीशा का झाल्या, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या अर्धेपणात सापडतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चासी घेतल्यावर गिऱ्हाईक जायचं कोचबिल्डरकडे, म्हणजे बॉडी बांधून देणाऱ्याकडे. यांतले बरेच कारखाने मुळात घोडागाड्या बांधणारे. ब्रूस्टर हे घराणं १८१०पासून बग्ग्या बांधत होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक गावातलं जडकिन्स, पेनसिल्व्हेनियातलं डरहॅम, युटिका शहरातलं विलोबी, बफेलोतलं ब्रन, कॅलिफोर्नियात पॅसडीनाचं मर्फी, अशी त्यांची नावं. न्यूयॉर्कमध्ये १९२०ला सुरू झालेल्या लबॅरनकडे तर सुरुवातीला कारखानाच नव्हता. टॉम हिबर्ड आणि रे डीट्रिच हे दोन तरुण फक्त चित्रं काढून विकायचे, गाडी दुसरा कुणीतरी बांधायचा. मोटारीचं रूप ही स्वतंत्रपणे विकता येण्याजोगी कला आहे, हे अमेरिकेत या मंडळींनी पक्कं केलं.

बांधणी कशी व्हायची? आधी पूर्ण मापाचं रेखाटन. मग ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा. हे लाकूड चिवट असतं, धक्का सोसतं आणि स्क्रू घट्ट धरून ठेवतं. त्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून, गोलाई देऊन बसवायचे, कडा जोडायच्या आणि सांधा दिसणार नाही इतक्या घासायच्या. पूर्वी व्हार्निशसारखा रंग थरावर थर देत वाळवायला कित्येक आठवडे लागत. १९२०च्या दशकाच्या मध्याला ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा, फवाऱ्याने मारायचा रंग आला आणि काळ्या-निळ्या गाड्यांच्या जागी पिवळ्या, हिरव्या, दुरंगी गाड्या दिसू लागल्या. आत बसायची व्यवस्थाही गिऱ्हाइकाच्या चालीरीतीप्रमाणे. टाउन कार या प्रकारात शोफर पुढे उघड्यावर बसायचा आणि मालक मागे बंद कक्षात. त्यामुळे शोफरच्या सीटला पाऊस सोसणारं कातडं, मालकाच्या सीटला मऊ लोकरी कापड. आज कातडी सीट म्हणजे श्रीमंती. त्या काळी गणित उलटं होतं.

प्रत्येक गाडी अगदी एकमेव असायची असं मात्र नाही. पॅकार्ड आणि कॅडिलॅक आपल्या कारखान्यातल्या तयार बॉड्याही भरपूर विकत. एका नक्षीच्या दहा-वीस बॉड्या कोचबिल्डरकडून आधीच बांधून घ्यायच्या आणि रंग, कापड, बारीकसारीक गोष्टी गिऱ्हाइकाच्या पसंतीने करायच्या, ही मधली वाट सर्वांत जास्त चालली. माझ्या मते उत्तम काम या मधल्या वाटेवरच झालं. पैसेवाल्या गिऱ्हाइकाची प्रत्येक हौस पुरवत बांधलेल्या गाड्यांत कधी कधी गर्दी दिसते. मर्फीने ड्यूसेनबर्गवर चढवलेल्या मोकळ्या बॉड्या पाहा : पुढच्या काचेचे खांब बारीक, रेषा सरळ, उगाच कुठे दागिना नाही. ‘मॉडेल जे’वर सर्वांत जास्त बॉड्या मर्फीच्या आहेत, त्यामागे हाच समतोल असावा.

आता बॉनेटच्या आत पाहू, कारण इथेच लोक बुचकळ्यात पडतात. आठ, बारा, सोळा सिलिंडर कशासाठी? कॅडिलॅकने जानेवारी १९३०मध्ये सोळा सिलिंडरांचं, ७.४ लिटरचं इंजिन आणलं. कंपनीने सांगितलेली ताकद १६५ हॉर्सपॉवर. आज १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ८० हॉर्सपॉवरच्या पुढे जातं. मग एवढा लोखंडाचा डोलारा का?

पहिलं कारण पेट्रोल. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण जितकं दाबाल तितकी ताकद जास्त. पण त्या काळचं पेट्रोल फार दाबलं तर ठिणगी पडण्याआधी किंवा अवेळी पेटायचं, इंजिन ठोके द्यायचं आणि पिस्टनचं नुकसान व्हायचं. त्यामुळे मिश्रण पाचपटीच्या आसपासच दाबता येई. आजच्या गाड्यांत ते दहापट आणि त्याहून जास्त दाबतात. दाब वाढवता येत नसेल तर ताकद मिळवायचा सरळ मार्ग उरतो, इंजिनच मोठं करणं.

दुसरं कारण थरथर. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. चार सिलिंडर असले तर एका फेरीत दोन धक्के, आठ असले तर चार, सोळा असले तर आठ. धक्के जितके जास्त आणि जवळजवळ, तितका जोर अखंड वाटतो. सोळा सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्ये व्हॉल्व्हचा (सिलिंडरच्या झडपांचा) खडखडाट जाण्यासाठी तेलाच्या दाबावर आपोआप जुळणारी यंत्रणा बसवली होती. वायरी झाकलेल्या, इनॅमल आणि क्रोमने चमकवलेलं ते इंजिन बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवण्यासाठीही घडवलं होतं.

तिसरं कारण गिअर. त्या वेळच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना दातांचा वेग आपोआप जुळत नसे. दोनदा क्लच दाबून, इंजिनचा वेग कानाने जुळवून गिअर टाकायचा, नाहीतर दात करकरायचे. कॅडिलॅकने १९२८च्या उत्तरार्धात हा वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा आणून हा त्रास घालवायला सुरुवात केली, पण सगळीकडे ती पोचायला वेळ लागला. म्हणून श्रीमंत गिऱ्हाइकाला हवी असायची ती टॉप गिअरमध्येच माणसाच्या चालीच्या वेगापासून पुढे सरळ, न कुरकुरता वेग घेणारी गाडी. मोठं इंजिन कमी वेगातही भरपूर ओढतं. शर्यत जिंकण्यापेक्षा शांतपणे निघता यावं, ही त्याची खरी कमाई.

ड्यूसेनबर्ग यात वेगळी होती. फ्रेड आणि ऑगस्ट हे जर्मनीत जन्मलेले, आयोवात वाढलेले भाऊ मुळात शर्यतीच्या गाड्या बनवणारे. १९२१ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली, अमेरिकी गाडीत बसून जिमी मर्फी या शर्यतपटूने (कोचबिल्डर मर्फी वेगळा). इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ साली त्यांच्याच गाड्यांनी मारली. १९२६मध्ये ई. एल. कॉर्ड या धडाडीच्या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं की खर्चाचा विचार न करता गाडी बनव. त्यातून ‘मॉडेल जे’चं इंजिन आलं : एका रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे दांडे), प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ही रचना आज साध्या गाड्यांत दिसते, तेव्हा ती शर्यतीच्या मैदानाबाहेर क्वचित दिसे. कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा. त्याच सुमाराच्या फोर्डची ताकद होती ४०.

आठ सिलिंडर एका रांगेत ठेवले की क्रँकशाफ्ट खूप लांब होतो. लांब दांड्याला एका टोकाला धक्के बसले की त्याला पीळ बसतो, तो उलट सुटतो आणि एका ठरावीक वेगाला सगळं इंजिन थरथरतं. ड्यूसेनबर्गने क्रँकशाफ्टवर पारा भरलेल्या डब्या बसवल्या. दांडा पिळला की आतला पारा हेलकावतो आणि ती ऊर्जा शोषून घेतो. डॅशबोर्डवर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र होतं. ऑइल बदलायची आणि बॅटरीतलं पाणी पाहायची वेळ झाली की दिवे लागत. चासीच्या सांध्यांना ठरावीक अंतरानंतर आपोआप वंगण मिळे. १९३२मध्ये सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) लावलेलं ‘एसजे’ आलं, दावा ३२० हॉर्सपॉवरचा. त्याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग स्वतःच्या कंपनीच्या गाडीला पेनसिल्व्हेनियात झालेल्या अपघातानंतर वारले.

यातली एक गाडी आपल्या इतिहासाशी जोडलेली आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी ‘एसजे’ची लांब चासी घेतली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुमारे ३.९ मीटर. सात माणसांची लिमोझीन व्हावी अशा त्या चासीवर त्यांनी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली स्पीडस्टर, म्हणजे दोन माणसांची वेगवान उघडी गाडी. एवढी लांबी असली की बॉनेट आणि मागची उतरती शेपटी मनसोक्त ओढता येते. इंदूरचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून आधुनिक शैलीत बांधून घेणारे हेच यशवंतराव. त्यांची नजर पक्की होती, हे गाडीकडे एकदा पाहिलं तरी कळतं. अमेरिकेतलं यंत्र, इंग्रज कारागीर आणि मराठा संस्थानिकाची आवड असं एकाच गाडीत जुळून आलं, ते चासी आणि बॉडी वेगळी विकली जायची म्हणूनच.

मग बुडाल्या कशा?

ऑक्टोबर १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला. त्या वर्षी अमेरिकेत मोटारी आणि ट्रक मिळून सुमारे ५३ लाख वाहनं तयार झाली होती. १९३२मध्ये हा आकडा १३ लाखांच्या आसपास आला. महागड्या गाड्यांचं संकट याहून विचित्र होतं. सोळा सिलिंडरचं इंजिन आखून बाजारात आणायला तीन-चार वर्षं लागतात. भरभराटीत घेतलेले निर्णय मंदीत दारात येऊन उभे राहिले. इंडियानापोलिसच्या मार्मन कंपनीचं सोळा सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं, २०० हॉर्सपॉवरचं इंजिन यंत्र म्हणून कॅडिलॅकपेक्षाही सरस म्हणावं असं होतं. ते बाजारात आलं १९३१मध्ये. चारशेच्या आत गाड्या विकल्या गेल्या आणि १९३३मध्ये मार्मनच्या गाड्या बंद झाल्या. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त हळहळ मार्मनची वाटते. यंत्र चोख होतं, वेळ तेवढी चुकली. क्लीव्हलँडची पीअरलेस त्याआधीच थांबली होती आणि दारूबंदी उठल्यावर तिच्या कारखान्यात बिअर बनू लागली.

पण मंदी हे एकच कारण असतं तर मंदी सरल्यावर या गाड्या परत आल्या असत्या. त्या आल्या नाहीत, कारण दरम्यान पायाच बदलला होता. जनरल मोटर्सने १९३५च्या गाड्यांना एकाच मोठ्या पोलादी पत्र्याचं छत दिलं. पोलादी बॉडी प्रचंड दाबाच्या प्रेसखाली साच्यात घडते. साचा महाग, पण हजारो गाड्यांवर तो खर्च वाटला की प्रत्येक बॉडी स्वस्त, मजबूत आणि कुरकुर न करणारी. दहा बॉड्या बांधणाऱ्या कोचबिल्डरला तो साचा परवडणं शक्यच नव्हतं. लाकूड-पत्र्याचा कारागीर दिसण्यात जिंकत होता आणि टिकाऊपणात हरू लागला होता.

त्याची कलाही कंपन्यांनी आत ओढून घेतली. हार्ली अर्ल हा लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवूडच्या नट-नट्यांसाठी बॉड्या घडवणारा माणूस. जनरल मोटर्सने त्याच्याकडून १९२७च्या ‘लासाल’ गाडीचं रूप करून घेतलं आणि त्याच वर्षी खास विभागच सुरू करून दिला. फ्लीटवुड हे नामांकित कोचबिल्डर १९२५मध्येच जनरल मोटर्सशी जोडलेल्या फिशर बॉडीने घेतलं होतं. लबॅरन डेट्रॉइटच्या ब्रिग्ज कंपनीत गेलं. हुशार डोळे एकदा मोठ्या कारखान्यात बसले की हजार डॉलरची गाडीही सुबक दिसायला लागते.

आणि मघाशी सांगितलेली मोठ्या इंजिनाची तिन्ही कारणं एकेक करून विरली. शिसं मिसळलेल्या पेट्रोलमुळे दाब वाढवता आला. सिंक्रोमेश स्वस्त गाड्यांत उतरलं. १९३१मध्ये प्लिमथने इंजिन रबरी आधारांवर असं बसवलं की चार सिलिंडरची थरथर माणसांपर्यंत पोचेना. १९३२मध्ये फोर्डने आठ सिलिंडरची गाडी ५०० डॉलरच्या आसपास विकायला काढली. सोळा सिलिंडरचं यंत्र ज्या प्रश्नांना उत्तर होतं, ते प्रश्नच उरले नाहीत.

वाचल्या कोण? ज्यांच्यापाशी स्वस्त गाडीचा आधार होता त्या. कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्स होती, म्हणून १९३५ ते १९३७ या काळात वर्षाला पन्नासच्या आसपासच गाड्या विकूनही तिची सोळा सिलिंडरची गाडी १९४०पर्यंत चालली. लिंकनला फोर्डने १९३६मध्ये साधारण १,३०० डॉलरची ‘झेफर’ दिली. पॅकार्डने १९३५मध्ये हजार डॉलरच्या आत सुरू होणारी ‘वन-ट्वेंटी’ आणली आणि पहिल्याच मॉडेल-वर्षात सुमारे २५,००० गाड्या विकल्या. आदल्या वर्षी कंपनीच्या सगळ्या गाड्या मिळून दहा हजारांच्या आत होत्या. या स्वस्त गाडीने पॅकार्डची शान घालवली असं आजही अनेक चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. शान राखत बसलेल्या कंपनीचं काय झालं हे पिअर्स-ॲरोकडे पाहून कळतं. १९३३मध्ये त्यांनी ‘सिल्व्हर ॲरो’ ही काळाच्या पुढची, १०,००० डॉलरची गाडी बनवली, फक्त पाच नग. स्वस्त गाडी काढली नाही, आणि १९३८मध्ये कंपनी लिलावात निघाली. पॅकार्ड आणखी वीस वर्षं जगली. ई. एल. कॉर्डच्या ताब्यातले ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग हे तिघं एकत्रच १९३७मध्ये संपले. ‘मॉडेल जे’ एकूण ४८०च्या आसपास झाल्या.

त्यानंतर या गाड्यांना कुणी विचारेना. पेट्रोल खूप खायच्या, सुटे भाग मिळेनात, दिसायला जुनाट. फेब्रुवारी १९४२मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं आणि युद्धासाठी लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी गाड्या भंगारात गेल्या. काहींच्या मागे क्रेन लावून ओढगाड्या झाल्या. युद्ध संपल्यावर काही हौशी मंडळींनी त्या वाचवायला घेतल्या. १९५२मध्ये क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका स्थापन झाला. १९५५मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या देखण्या गाड्यांच्या स्पर्धेत फिल हिलने आपल्या मावशीची १९३१ची पिअर्स-ॲरो दुरुस्त करून आणली आणि पहिला नंबर मिळवला. तोवर तिथे नव्या गाड्यांचं कौतुक व्हायचं. हाच फिल हिल पुढे १९६१मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. २०१८मध्ये अभिनेता गॅरी कूपरची १९३५ची ड्यूसेनबर्ग ‘एसएसजे’ पेबल बीचच्या लिलावात २.२ कोटी डॉलरला गेली. आखूड चासीच्या अशा दोनच गाड्या झाल्या, दुसरी क्लार्क गेबलकडे होती.

किंमत एवढी चढली की अर्धेपणाचा आणखी एक पैलू पुढे आला. चासी आणि बॉडी वेगळ्या असल्यामुळे त्या अदलाबदलही होत. तीसच्या दशकातच मालक जुनी बंद बॉडी काढून उघडी चढवत, डीलर दोन गाड्यांतून एक विकण्याजोगी करत. आज तीच चासी, तेच इंजिन आणि तीच बॉडी पहिल्या दिवसापासून एकत्र असलेली गाडी सर्वांत मोलाची. त्यामुळे ड्यूसेनबर्ग विकत घेणारा आधी चमक पाहत नाही. तो इंजिनवरचा क्रमांक, चासीवरचा क्रमांक आणि इंजिनमागच्या पत्र्यावरची पाटी जुन्या नोंदींशी ताडून पाहतो.

अमेरिकेत शिकागो किंवा डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना या गाड्या पाहणं अवघड नाही. इंडियानातल्या ऑबर्न गावात कंपनीच्या १९३०च्या शोरूममध्येच ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग संग्रहालय आहे. मिशिगनमधल्या हिकरी कॉर्नर्सच्या गिलमोर संग्रहालयात पिअर्स-ॲरोचं स्वतंत्र दालन आहे. ऑबर्नला दर वर्षी लेबर डेच्या सुट्टीत मेळा भरतो आणि गाड्या रस्त्यावर धावतात. शक्यतो तेव्हाच जा. उभ्या गाडीत रूप दिसतं, पण सात लिटरचं इंजिन टॉप गिअरमध्ये माणसाच्या चालीने गाडी कसं ओढतं ते चालत्या गाडीजवळच कळतं. आणि गाडीजवळ उभं राहायला मिळालं तर दरवाजाच्या उंबऱ्यापाशी वाकून कोचबिल्डरची छोटी पाटी वाचा, कारण रेडिएटरवरचं नाव गाडीचा अर्धाच पत्ता सांगतं.